साहेबांची टोपी आणि ताईची चूल

माझी थोरली बहीण जमीन उकरते. म्हणजे रीतसर, पगार घेऊन, उत्खनन खात्यात. ब्रश आणि छोटी करणी ही तिची हत्यारं, आणि गुडघ्यांना कायमचे घट्टे. पण कुठल्याही लग्नात तिची ओळख करून दिली की समोरचा दात काढून विचारणारच, "म्हणजे सिनेमातल्यासारखं? टोपी, चाबूक?" माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मी तोंड उघडणार तोच ताई माझा दंड धरते आणि म्हणते, "राहू दे गं."

ताईचा हट्ट एकच होता. नदीकाठच्या त्या जुन्या वस्तीतली माणसं हळूहळू पांगली, असं सगळे विद्वान म्हणत. ताई म्हणे, नाही, ती एका दिवसात जीव मुठीत धरून पळाली. पुरावा मात्र हाती नव्हता. तिचे साहेब भर बैठकीत तिला हसत.

आणि एका दुपारी खणताना चूल लागली. मी डबा घेऊन गेले होते, म्हणून माझ्या डोळ्यांनी पाहिली. तीन दगड, मधे राख, वर मातीचं भांडं, आणि भांड्यात शिंपल्याचा डाव तसाच उभा. "शिजतं अन्न टाकून कोण हळूहळू पांगतं?" ताई म्हणाली. आता भोवतालची माती साफ करायची, मग फोटो, मग मोजमाप, आणि भांडं उचलायचं सगळ्यात शेवटी. जागेवरून हललं की ते नुसतं खापर.

साहेबांनी तेवढ्यात वर्तमानपत्राला फोन केला होता. बातमीदार आला, फोटोवाला आला आणि त्यांच्या गाडीतून रुंद काठाची टोपीही आली. फोटोवाल्याने चुलीचे दोन-तीन फोटो काढले. बातमीदाराने टोपी ताईपुढे धरली.

"घाला ना मॅडम. वाचकांना पटकन कळतं."

"काय कळतं?"

"तुम्ही कोण आहात ते."

"उन्हासाठी मी डोक्याला फडकं बांधते. फोटो काढायचा तर असाच काढा," म्हणून ताई खात्याचा कॅमेरा आणायला तंबूत गेली.

साहेबांच्या अंगात सिनेमा संचारला. वर्षभर खुर्चीतून न उठणारा तो माणूस टोपी घालून, बुटांसकट खड्ड्यात उतरला. "अहो, हात नका लावू!" मी ओरडले. "तुम्ही कोण?" असं विचारत त्याने भांडं उचलून डोक्यावर धरलं. दगड कलंडले. डाव पडला आणि त्याचे दोन तुकडे झाले. ताई कॅमेरा घेऊन परतली तेव्हा फोटो काढायला काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर मथळा: 'पडद्यावरचा खजिनावीर आपल्या मातीत!' खाली टोपीवाले साहेब. कडेला, नुकत्याच परतलेल्या ताईचं अर्धं फडकं, 'महिला सहकारी' म्हणून. स्वयंपाकाच्या भांड्याला खजिना म्हणणाऱ्यांच्या जिभेला काही हाड?

पुढच्या बैठकीत ताईने चुलीचा विषय काढला. साहेबच म्हणाले, "जागेवरचा फोटो कुठंय? आपण पाहिलं, हा काही पुरावा नाही हो."

फोटो होता. फोटोवाल्याने आधी काढलेला. आम्ही दोघी वर्तमानपत्राच्या कचेरीत गेलो. फोटोवाला सभ्य होता, खुर्च्या दिल्या, संगणकात बराच वेळ शोधलं.

"ते पुसून टाकले बहुतेक," तो म्हणाला. "त्यात काही घडतच नव्हतं हो."

"घडून गेलं होतं," ताई म्हणाली. "तेच हवं होतं मला."

त्याला काही कळलं नाही. आमची समजूत घालावी म्हणून त्याने टेबलाच्या खणातून साहेबांचा फोटो काढला, चांगला मोठा केलेला, आणि ताईपुढे ठेवला. "हा न्या. आठवण म्हणून."

मी तो उचलला आणि त्याच्या तोंडासमोर टराटरा फाडला. ताई शेजारीच बसली होती. तिने माझा दंड धरला नाही.