सप्रेम भेट कोरलेला पत्रा

माझे वडील जालन्यात रेडिओ दुरुस्त करायचे. ते गेले आणि आई नि मी काकाच्या दारात येऊन पडलो. काकाची बँजो पार्टी होती: एक बँजो, दोन ढोल, एक कॅसिओ आणि त्या सगळ्यांपेक्षा मोठा, त्याच्या नावाचा फलक. तोंडावर मी त्याला शेवटपर्यंत अहो-जाहो केलं. इथे करणार नाही.

वडिलांची सोल्डरिंगची हत्यारं आमच्यासोबत आली होती. रद्दीत आलेल्या एका मासिकात मला सिंथेसायझरचं, विजेवर सूर काढणाऱ्या वाद्याचं, सर्किट सापडलं. ते वाद्य एकसंध नव्हतं, सुट्या सुट्या भागांचं होतं. एक भाग नुसता सूर काढणार, दुसरा तो गाळणार, तिसरा त्याला चढउतार देणार. कोणता कोणाला जोडायचा, ते पुढच्या पत्र्यावरच्या भोकांत तारा खोचून आपण ठरवायचं. मला त्याचं वेडच लागलं. भंगारातून ॲल्युमिनियमचा पत्रा आणला, हाताच्या ड्रिलने भोकं पाडली, कानशीने कडा घासल्या, जुन्या रेडिओंची बटणं बसवली. उन्हात सूर सरकायचा, म्हणून सर्किटमधले दोन ट्रान्झिस्टर पाठीला पाठ लावून तांब्याच्या पट्टीने बांधले, तेव्हा कुठे तो जागेवर राहिला. आणि प्रत्येक भोकाखाली ऑइलपेंटने नावं लिहिली: घूं, गाळणी, चढ, घुमारा. इंग्रजी नावं मला ठाऊक होती. पण गाळणी म्हटलं की आईलाही कळायचं.

"पोरीची जात अन् तारा कुरतडून राह्यली," काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा आणि माझ्यादेखत हसायचा. मग एक दिवस मशीन घुमलं. काका हसायचा थांबला आणि दुसऱ्याच दिवशी ते उचलून वरातीत घेऊन गेला. आयत्या बिळावर नागोबा! परत आला की आईला फुशारकीने सांगायचा, लोक विचारतात हा आवाज कशाचा, कुणी बनवला, अन् मी छातीला हात लावून दाखवतो. आई मान खाली घालून भाकरी थापत राहायची. बिघडलं की मात्र तो माझ्याकडेच आणून टाकायचा, आणि मी दुरुस्त करायचे. मला बाकी काही नको होतं. फक्त एकदा, चार लोकांत, 'हे पोरीनं बनवलं' एवढं त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

माझं लग्न घनसावंगीच्या घरात ठरलं. लग्नाच्या आधी काकाने थिनरने माझी सगळी अक्षरं पुसली आणि पत्रा भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडे नेला. त्याचं नाव घालायचं आणि खाली 'निर्माता'. लग्नसराई होती, त्या माणसाचा हात आंदणाच्या ताटा-तांब्यांवर बसलेला. त्याने काकाचं नाव झोकात कोरलं आणि 'निर्माता'ऐवजी सवयीने पुढे लिहून टाकलं: 'यांजकडून सप्रेम भेट.' काकाचं वाचन सहीपुरतं. तो पत्रा मिरवत घरी आला. मी वाचलं आणि गप्प बसले. मनात म्हटलं, मिरव.

लग्न लागलं, पंगती उठल्या, आंदणाची भांडी टेम्पोत चढू लागली. मांडवात वाजवायला आणलेल्या मशीनलाही नवऱ्याच्या मामांनी हात घातला.

काका धावला. "ओ इवाई, ते पार्टीचं हाय, आंदणातलं न्हाई."

मामांनी ते खाली ठेवलं, वाकून मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, "सप्रेम भेट लिवलंय की. पोरीला दिऊन आता माघारी घेता काय?"

मांडव हसला. काकाचं तोंड उतरलं. 'मशीन तिचंच हाय, तिनंच बनवलं,' एवढं म्हणाला असता तर लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं असतं. तो म्हणाला, "भेट पत्र्यावर लिवलीय ना? मंग पत्रा न्या."

त्याने पाना मागवला. सगळ्यांसमोर बटणं उपसली, एकेक नट सोडला आणि पत्रा ओढून काढला. आतलं सगळं तारांना लोंबत राहिलं, सोललेल्या कोंबडीसारखं. पत्रा माझ्या ताटांवर आपटला. मांडव पुन्हा हसला. माझा नवराही हसला. मी मुंडावळ्या बांधून बघत होते, आणि रडले तेव्हा बायका म्हणाल्या, माहेर सुटतंय बिचारीचं.

पावसाळा सरता सरता काका जीपमधून घनसावंगीला आला. पोत्यातून मशीन काढून त्याने ओसरीवर ठेवलं. नव्या प्लायवूडवर सगळं ठोकून बसवलं होतं आणि ते मुकं झालं होतं. जालन्यात दुसऱ्या कुणाला दाखवायची सोय नव्हती. बनवणाऱ्यालाच दुरुस्त करता येत नाही, असं लोक म्हणाले असते. सासू, नवरा, सगळे समोर बसलेले.

"बघ जरा," तो म्हणाला.

मी उभ्याउभ्याच पाहिलं. गाळणीच्या दोन तारा अदलाबदल झाल्या होत्या. चहा उकळेपर्यंत झालं असतं काम.

"बघते. पण हे कुणी बनवलं, ते आधी आत्याबाईंना सांगा."

त्याने सासूकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं, पोत्याकडे पाहिलं. घाम फुटला होता त्याला. ते बघायला मला बरं वाटत होतं.

"मीच," तो म्हणाला. "ही जरा धरूबिरू लागायची."

"मंग तुम्हालाच बराबर ठाऊक असंल, काका," मी म्हटलं आणि चहा ठेवला. तो खालमानेने प्यायला, पोतं खांद्यावर घेतलं आणि जीपकडे चालू लागला. पुढे ते किलोवर भंगारात गेलं, असं आईकडून कळलं. पण त्या दिवशी त्याची पाठ बघून मला आनंद झाला, अगदी पोटातून.

सासू उठली, पदर सावरला आणि मायेने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"बरं केलंस, हात न्हाई लावला," ती म्हणाली. "उगं बिघडून ठिवलं असतंस त्यांचं."

मी हो म्हटलं आणि कपबशा विसळायला उचलल्या.