भरल्या गाडीचं माप

"रिकामी गाडी काय बोलनार? बसा गो सगल्या!"

असं म्हणून तिने व्हॅनच्या टपावर दोनदा थाप मारली आणि शिरगावच्या मासे विकणाऱ्या बायका पाट्यांसकट आत चढल्या. मी बोईसरला, बेटेगावच्या रस्त्यावर, गाड्यांना चाकं बसवायचं काम करतो. नवी चाकं घ्यायला लोक कसे येतात, ते तुम्हीही पाहिलं असेल. एकटे येतात, चाकं लावून घेतात, दोन पावलं मागे सरकून फोटो काढतात. ही बाई आली तीच गाडीभर बायका घेऊन.

व्हॅन तिची, चालवायचीही तीच. पहाटे गावातून मासे आणि बायका भरायच्या, बोईसरच्या बाजारात उतरवायच्या, दुपारी परत न्यायच्या. बर्फाचं खारं पाणी गळून गळून लोखंडी रिम सडले होते, एकाला तडा गेला होता. म्हणून तिला न गंजणारी अलॉयची चाकं हवी होती.

आमच्या शेटने काळी, रुंद, बाहेर झुकलेली चाकं काढली. ती बघतच राहिली. एकेका आऱ्यावरून बोट फिरवलं. "काय देखनी हायेत रे," ती म्हणाली. तिचं मन त्या चाकांवर बसलं होतं, यात मला शंका नाही.

"नटांची भोकं जुळतात, ताई. फिट बसतील," शेट म्हणाला.

"भोकं जुळली म्हंजे झालं काय? लग्नं पन पत्रिका जुळवूनच करतात."

बायका खिदळल्या. मी चाकं चढवली. तिने स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवलं. कुठे काही लागलं नाही. शेट खूश झाला, ती झाली नाही. बाजार आटोपला होता, पाट्या रिकाम्या होत्या. म्हणून तिने बायकांना आत बसवलं आणि आमच्याकडचे जुने लोखंडी रिम गाडीत मागे भरायला लावले, माशांच्या आणि बर्फाच्या वजनाला. मग मागच्या सीटवरच्या काकीपुढे हात केला. काकी त्या सगळ्यांत म्हातारी आणि सगळ्यांत जाडजूड.

"काकी, चुना दे."

"पान कदीपासून खातेस गो?"

"मी नाय, चाक खाईल."

टायरच्या बाहेरच्या कडेला तिने बोटाने चुना फासला आणि भरलेली गाडी समोरच्या गतिरोधकावरून नेली. खर्रर्र आवाज मला दुकानात ऐकू आला. परत आल्यावर वाकून पाहिलं, तर मागच्या मडगार्डच्या आत पांढरी रेघ. चाक बाहेर आलेलं. वजनाने गाडी खाली बसली की मडगार्डची कड टायरला घासणार, रोज थोडी थोडी कापणार, आणि एक दिवस भर रस्त्यात टायर फुटणार. आत या सगळ्या जणी.

आमच्या धंद्यातली लबाडी इथे सांगितलीच पाहिजे. गाडी उभी, रिकामी, सपाट फरशीवर. तेवढं बघून आम्ही 'फिट' म्हणतो. जणू इथला प्रत्येक माणूस गाडीतून एकटाच फिरतो. गाडीत माणसं बसतात, ओझी चढतात, त्यावर कुणाचं पोट चालतं, हे आमच्या मापात कुठेच नसतं. याचा मला राग येतो, आणि तुम्हालाही यावा.

शेटकडे उपाय तयार होता. "ताई, मागे एक बाई कमी बसवा. झालं."

सगळ्यांची नजर काकीकडे गेली. काकीने चुन्याची डबी कमरेला खोचली आणि दाराला हात घातला. "मी येन बसने. माजा बाजार आता राहिलाय तरी किती?"

आता कुणी हसलं नाही. माशांची पाटी घेऊन बसमध्ये तिला कुणी चढू देणार नव्हतं. काकी आज उतरली की तिचा बाजार सुटला, हे तिथल्या प्रत्येकीला कळत होतं.

गाडीवाली काळ्या चाकांकडे बघत होती. जरा जास्तच वेळ. मग तिने काकीचं दार बाहेरून दाबून लावलं.

"काकी, गप बस. शेट, चाकं उतरव."

"अहो ताई, पण दिसतात केवढी—"

"दिसतात तर दुकानात मांड नि बघत बस. बाई नाय उतरनार."

मी जुन्या रिमइतकीच रुंद आणि तितकीच आत बसणारी चाकं शोधली. मागच्या खोलीत एक साधा चंदेरी संच निघाला. गाडी जॅकवर घ्यायची म्हणून सगळ्या उतरल्या, काकी उतरेना.

"चाकं लावल्यावर बसवशील ना?"

"तुला आदी बसवीन."

पुन्हा चुना, पुन्हा वजन, पुन्हा गतिरोधक.

"रेघ हाय?"

"नाही."

"नीट बघ, पोरा. बॅटरी मार."

बॅटरी मारून पाहिलं. नव्हती. निघताना ती काळ्या चाकांपाशी थांबली, त्यांच्यावर एकदा तळवा फिरवला आणि गाडीत बसली.

त्यानंतर ती दुकानात आली नाही. चाक नीट बसलं की गिऱ्हाइकाला परत यायचं कारण उरत नाही. धंद्यातलं एवढं नुकसान मी आनंदाने सोसतो.

मध्यंतरी एका सकाळी मी पाम गावाजवळ चहा घेत उभा होतो. तिची व्हॅन आली. गच्च भरलेली, मागून पार खाली बसलेली, मागच्या खिडकीतून काकीचं कोपर बाहेर. समोरच्या खड्ड्यात गाडी दणकन आदळून वर आली. मी कान दिला. चाकं घासल्याचा आवाज नव्हता. काल बोंबलाचा भाव कुणी पाडला, यावरून आत भांडण मात्र जोरात चाललं होतं.