मूळ सिनेमात 'सायेब' नाही

मी परीक्षेत नापास झाले असते तरी आईला एवढा राग आला नसता, जेवढा मी त्या सिनेमांच्या नादी लागले तेव्हा आला. आमचं घर कसब्यात, दोन खोल्यांचं. त्यातली एक खोली कायम पत्रकांची. आईबाबा दोघंही कामगार संघटनेत. मी वाचायला शिकले ती पत्रकांना घड्या घालता घालता. 'जाहीर निषेध' हे शब्द मला 'छान छान गोष्टी'च्या आधी वाचता आले. अशा घरातली मुलगी कॉलेजात गेली आणि अंतराळयानांच्या मागे धावायला लागली.

"गिऱ्हाईक झालीस तू," आई म्हणाली. "त्या कंपन्यांना हवं अगदी तसं."

लोक अजूनही विचारतात की त्या मालिकेत एवढं आहे तरी काय. एक प्रचंड जहाज आहे. नवी जमीन शोधत पिढ्यान्‌पिढ्या अंतराळात भटकतंय. वरच्या मजल्यांवर अधिकारी, बागा, खिडक्या. सगळ्यात खाली इंजिनं, आणि तिथे एक मेकॅनिक. प्रत्येक सिनेमात तो जेमतेम काही मिनिटं दिसतो. पोस्टरवर तो कधीच नसतो. पण आमच्या पुण्याच्या चाहत्यांच्या गटात कोणालाही विचारा, आवडता कोण, तर उत्तर तोच. कारण तो कोणालाच 'सर' म्हणत नाही. कॅप्टनलाही नाही. सगळे भाग बघा, एकदाही नाही. आमच्या घरच्या पत्रकांत 'श्रमिकांचा स्वाभिमान' हे शब्द मी शेकडो वेळा वाचले होते. तो कसा उभा राहतो, बोलताना हात कुठे ठेवतो, हे मला त्या मेकॅनिकने दाखवलं.

माझी मैत्रीण मला या गटातच भेटली. ती वारज्याची. तिच्या घरच्या शेतावर आता सोसायटी उभी आहे आणि त्याच सोसायटीत त्यांचा एक फ्लॅट आहे. गेटवरचा नवा वॉचमन तिच्या वडिलांना विचारतो, "कुणाकडे जायचंय?" ती आयटीत काम करते. मेकॅनिकचा करडा अंगरखा तिने स्वतः शिवलाय, खिशांच्या शिलाईसकट. वडिलांना तिचं हे वेड कळत नव्हतं आणि इंग्रजी त्यांना येत नव्हतं. त्यामुळे नवा भाग मराठीतही डब होऊन येणार म्हटल्यावर ती नाचायचीच बाकी होती.

"पप्पांना एकदा बघू दे, यार. मग मला काही समजावून सांगावं लागणार नाही."

इंग्रजीत तो भाग आम्ही आधीच बघितला होता. त्यात मेकॅनिक मरतो. जहाजाला आग लागते. वरचे मजले वाचवायला खालची दारं बंद केली जातात, आणि दारं बंद झाल्यावर कॅप्टन स्पीकरवरून विचारतो, "खाली कोणी आहे का?" मेकॅनिक एवढंच म्हणतो, "आहे मी." मग दोन वाक्यांत वरच्यांना इंजिन कसं थांबवायचं ते सांगतो आणि आवाज बंद होतो. इंग्रजी शोला थिएटरमध्ये कोणी पॉपकॉर्नसुद्धा चावत नव्हतं.

मराठी शोला आम्ही तिघं गेलो. काका, म्हणजे तिचे वडील, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. सुरुवातीला कॅप्टन बोलला. स्वच्छ, सदाशिव पेठी, ण आणि ळ जागच्या जागी. वैमानिक बाईसुद्धा तशाच. मग मेकॅनिक आला आणि त्याने तोंड उघडलं, तर, "आवं कॅप्टनसायेब, ह्यो पंखा काय म्या म्हनतोय तसा फिरंना बगा!"

थिएटर खदाखदा हसलं.

काका खूश होऊन तिच्याकडे वळले. "आरं, हा तर आपल्यावानी बोलतोय!" मग मागच्या रांगेत कोणीतरी "बगा!" म्हणून नक्कल केली आणि पुन्हा हशा झाला. काका पुन्हा पडद्याकडे वळले. त्यानंतर मेकॅनिक दिसला की लोक आधीच हसायला लागायचे. त्याने बोलायची गरजच उरली नव्हती. आगीचा प्रसंग आला. कॅप्टनने विचारलं. खालून उत्तर आलं, "म्या हाय न्हवं, सायेब!" आणि जो हशा उसळला त्यात पुढची दोन वाक्यं वाहून गेली.

बाहेर पार्किंगमध्ये काका म्हणाले, "तो मिस्त्री नंतर दिसलाच न्हाई. कुठं गेला?"

"मेला तो, पप्पा."

"कवा?"

"लोक हसत होते तेव्हा."

काकांनी हेल्मेट चढवलं आणि पुन्हा असल्या सिनेमाला येणार नाही असं सांगितलं. ती गाडीवर मागे बसली आणि दोघं गेले.

मी मात्र घरी येऊन थेट लिहायला बसले. कोणत्या स्टुडिओत, कोणत्या टेबलावर हे ठरलं असेल? इंजिन चालवणारा म्हणजे गावंढळ, आणि गावंढळ म्हणजे विनोदी. यावर चर्चासुद्धा झाली नसेल. वर 'सायेब'! मूळ सिनेमात नसलेली लाचारी त्यांनी पदरची घातली, फुकटात, आमच्या भाषेच्या नावाने. 'म्या' तर आमच्या आसपासच्या कोणत्या गावात कोण म्हणतं हे मला शोधूनही सापडलं नाही. मैत्रीण म्हणाली, "आमच्यात पणजोबापण म्या म्हणत नसतील. हे नाटकातलं गाव आहे." मी पत्रक लिहिलं, झेरॉक्स काढल्या आणि थिएटरबाहेर उभी राहिले. बहुतेकांना ती क्लासची जाहिरात वाटली. एका गृहस्थांनी उलटसुलट बघून विचारलं, "यावर डिस्काउंट आहे का?" मी म्हणाले, "नाही, यावर निषेध आहे." त्यांनी पत्रक परत दिलं.

गटाची बैठक नारायण पेठेतल्या एका छोट्या हॉलमध्ये असते. मी मागणी मांडली की वितरकांना गटाच्या नावाने निषेध कळवायचा, आणि आपल्या वार्षिक खेळाला ही मराठी प्रत लावायची नाही. आमच्यातले सगळ्यात जुने सभासद खुर्चीत रेलले. जहाजाच्या शेपटीला दिवे किती यावरून त्यांनी एकदा एका मुलाशी महिनाभर अबोला धरला होता.

"अहो, बोलीची गंमत असते. आपण प्रत्येक गोष्टीचा मोर्चा कशाला काढायचा?"

"मूळ सिनेमात तो कुणाला सर म्हणतो?" मी विचारलं.

ते छताकडे बघायला लागले.

"सांगा ना. तुम्हाला पाठ आहेत सगळे भाग."

"नाही म्हणत," ते म्हणाले. सिनेमाबद्दल खोटं बोलणं त्यांना जमत नाही. मी त्या क्षणी त्यांच्यावर जाम चिडले होते, तरी हे मान्य करायलाच हवं.

तेवढ्यात मैत्रीण उठली. काकांना ती बळेच घेऊन आली होती. ते दाराजवळच्या खुर्चीत अवघडून बसले होते. "निषेध पाठवा," ती म्हणाली, "पण पप्पांनी तो सीन अजून बघितलेलाच नाही. मी करून दाखवते. कॅप्टनचं कोणी म्हणा."

जुन्या सभासदांनीच विचारलं, "खाली कोणी आहे का?"

"हाय मी."

"हॅलो!" मागून एक जण म्हणाला. हॉल हशाने फुटला. मीसुद्धा उठले होते, त्याला काय बोलणार होते देव जाणे. तिने हाताने मला खाली बसवलं.

"हसून झालं?" तिने त्याला विचारलं. "नसेल तर अजून हस. मला घाई नाही."

तिला खरंच घाई नव्हती. ती तशीच उभी राहिली, हशा विरला, मग अवघडलेपणाही विरला. "परत विचारा," ती म्हणाली. त्यांनी परत विचारलं.

"हाय मी. आता नीट ऐका. डावीकडचा दांडा वर घ्या, मग दम धरा, लगेच सोडू नका. इंजिन थांबलं की पोरांना पाणी द्या, धूर लागला आसंल."

मग ती बोलायची थांबली. 'सायेब' नव्हतं, 'म्या' नव्हतं. घरी बोलते तशी ती बोलली होती, आणि ऑफिसात तसं बोलायला ती कधीच धजावली नव्हती. हॉलमध्ये पंख्याचा आवाज येत होता. तो 'हॅलो'वाला मान खाली घालून बसला होता. मला त्याची दया आली नाही.

निषेध गटाच्या नावाने गेला, पण वितरकांकडून आजवर उत्तर आलेलं नाही. ती मराठी प्रत अजून कुठे कुठे लागते, लोक हसतात, आणि मी अजून तेवढीच चिडते. वार्षिक खेळाला मात्र आम्ही ती लावली नाही.

त्या संध्याकाळी पहिले बोलले ते काका. "हां, म्हंजे मेला," ते म्हणाले. "पण मला एक सांगा. दार लावायच्या आधी का न्हाई विचारलं त्या कॅप्टननं?"

जुने सभासद खुर्चीत ताठ झाले. या प्रश्नावर आमच्या गटात उघड दोन तट आहेत. "अहो, खाली कोणी असेल असं कॅप्टनला वाटलंच नव्हतं," ते म्हणाले.

"वाटलंच नव्हतं, तर मग विचारलं कशाला?" काका म्हणाले, आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली.