तक्रार असेल तर दोन दाबा

धाकटीच्या सासऱ्यांनी उभ्या जन्मात एकच फोन नंबर वापरला. पाटीवर तोच, पावतीवर तोच, आणि ऑफिसच्या खुर्च्या घेणाऱ्या अर्ध्या शहराला तो तोंडपाठ. म्हातारा गेला आणि दोघे भाऊ वेगळे झाले. यंत्रं वाटली, कापडाचे तागे वाटले, गाळ्यात मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली. पण नंबर कसा वाटणार? तो काही फळी नव्हे, करवतीनं कापायला!

थोरला मोठा अक्कलवंत. तो फोनवाल्याला घेऊन आला. आता फोन म्हणजे तारेचा गुंता राहिलेला नाही, सगळा कारभार कंप्युटरमधल्या एका प्रोग्रॅममध्ये. गिऱ्हाईक जुनाच नंबर लावतं, भरून ठेवलेला आवाज सूचना देतो, आणि जे बटण दाबाल त्या टेबलावर घंटी वाजते. आवाजही थोरल्यानं स्वतःचाच भरला, चांगलं खाकरून: "नवी खुर्ची हवी असेल तर एक दाबा. तक्रार असेल तर दोन दाबा."

एक थोरल्याकडे. दोन धाकटीकडे.

"तुझा नवरा तोंड उघडत नाही आणि तू बोलतेस गोड. तेव्हा तक्रारी तूच ऐक," थोरला चुलत्यांसमोर म्हणाला. "आणि काका, उद्या कुरकुर नको. दोघांनी हो म्हटल्याशिवाय बटणं बदलायची नाहीत, असं फोनवाल्याला बजावून ठेवा."

जाऊबाई तोंडावर हात धरून हसल्या. धाकटीनं ते हसू मनात गाठ मारून ठेवलं.

मग सुरू झाल्या शिव्या. "बाई, तुमच्या खुर्चीनं मला सगळ्या ऑफिससमोर जमिनीवर बसवलं!" "चाक निघालं हो, अख्खा साहेब घरंगळला!" धाकटी दिवसभर माफी मागायची, आणि भिंतीपलीकडून थोरल्याच्या ऑर्डरी ऐकू यायच्या. तिच्याकडे नवं गिऱ्हाईक फिरकेना. नवरा अस्सल कारागीर, पण हाताला काम नाही, म्हणून जुनेच स्क्रू पुसत बसायचा. असंच चाललं तर गाळा सोडावा लागणार होता, आणि थोरला तर आधीच येऊन गोड विचारून गेला होता, "झेपत नसेल तर सांग हो, अर्धा गाळा मी घेतो."

त्या दिवशी एक वकील फोनवर असे काही तडकले की धाकटीनं फोन कानापासून हातभर लांब धरला. आणि तेवढ्यात तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा माणूस चिडलाय कोणावर? ज्यानं खुर्ची विकली त्याच्यावर. म्हणजे भाऊजींची नाराज झालेली गिऱ्हाइकं भाऊजीच आपल्या हातानं पाठवतायत की!

"अहो, हत्यारं घ्या. चाकं घ्या. आपली एक खुर्चीही दाखवायला गाडीत टाका."

"अगं, तक्रार दादाच्या खुर्चीची आहे."

"म्हणून तर जायचंय!"

नवऱ्यानं वकिलांची खुर्ची उलटी केली, पाय बदलला, आणि तिच्या सांगण्यावरून बैठकीखाली एक चिकटपट्टी लावली. तिच्यावर धाकटीचा स्वतःचा नंबर. खुर्ची मोडली की माणूस पहिलं खाली वाकून बघतो, हे तिला पक्कं ठाऊक. मग प्रत्येक तक्रारीला हेच. फोनवर ती साखरेत घोळून विचारायची, "कोणाकडून घेतली होती? त्यांच्याकडून? अगं बाई... बरं, असू दे." ते 'असू दे' शंभर शिव्यांना भारी पडायचं.

हळूहळू सगळ्यांच्या ऑर्डरी चिकटपट्टीवरच्या नंबरावर येऊ लागल्या. नवऱ्याला स्क्रू पुसायला सवड उरली नाही. भिंतीपलीकडे मात्र 'एक'ची वाचा बसली. थोरला टेबलाशी माशा मारत बसायचा. ती शांतता ऐकत धाकटी चहा प्यायची, आणि तो चहा तिला फार गोड लागायचा.

शेवटी थोरल्याचं घोडं अडलं. धाकटीच्या दारात यायची त्याला लाज, मोबाइलवर ती उचलेना. मग त्यानं मोबाइलवरून वडिलांचाच नंबर लावला आणि दाबलं दोन.

कंप्युटरवर त्याचं नाव दिसलं. धाकटीनं त्याला थांबवून ठेवलं. पलीकडे त्याला त्याचाच आवाज सांगत होता, आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे, कृपया थांबा.

"घे की आता. थोरला आहे तो," नवरा म्हणाला.

"थोरले आहेत, थोडं जास्त थांबतील!"

कप धुऊन तिनं फोन उचलला. "बोला, काय तक्रार आहे?"

"अगं, तक्रार कसली! बटणं बदलू या. तू एक घे, मी दोन घेतो."

"दोघांनी हो म्हणायला हवं ना, भाऊजी? काकांसमोर तुम्हीच म्हणाला होतात."

"मग म्हण की हो!"

"नाही."

पलीकडे थोरला खाकरू लागला.

"तक्रार नाही म्हणता, म्हणजे तुमचं बटण चुकलं," धाकटी गोड आवाजात म्हणाली. "तुम्हाला 'एक'कडे देते हं."

आणि तिनं खरंच फोन तिकडे वळवला. भिंतीपलीकडे कितीतरी दिवसांनी घंटी वाजली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ थोरल्याचा हावरा, आनंदलेला स्वर: "हॅलो! बोला साहेब, कुठली खुर्ची दाखवू?"

मग त्याच्याच मोबाइलमधून तेच वाक्य बाहेर आलं, आणि टेबलावरचा फोन दाणकन आदळला.

कधी तोंड न उघडणारा नवरा त्या दिवशी इतक्या मोठ्यानं हसला की प्लायवूड हादरलं. धाकटी त्याला गप्प बस म्हणाली नाही.