गाडीचे बारा टॉवेल

आमच्याकडे गाडी पुसायचे बारा टॉवेल होते. प्रत्येक चाळीस सेंटिमीटर लांब, चाळीस रुंद, राखाडी, चारही कडा शिवलेल्या. कापड सुती नाही, मायक्रोफायबरचं. त्याचा धागा इतका बारीक असतो की तो धूळ आत धरून ठेवतो, रंगावर घासू देत नाही. मी जिनिंगमध्ये वजनकाट्यावर काम करतो. दिवसभर कापसाच्या गाड्या मोजायच्या आणि घरी येऊन स्वतःच्या गाडीला बिनकापसाचं फडकं लावायचं, यावर शेजाऱ्यांचं आणि नातलगांचं हसून झालेलं आहे.

गाडी काळी. यवतमाळात काळी गाडी घेऊ नको, असं मला पाच जणांनी सांगितलं होतं. उन्हाळ्यात तापते आणि बाराही महिने धूळ दाखवते. दोन्ही खरं निघालं. पण वापरलेली का होईना, पन्नाशीला टेकताना घेतलेली आमची ती पहिली गाडी. तिला नीट ठेवायचं मी ठरवलं.

टॉवेल धुणं सोपं वाटलं होतं. पहिल्या वेळी बोअरचं पाणी उकळलं, त्यात कपड्यांची पावडर टाकली आणि धुतलेले टॉवेल मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर वाळत घातले. संध्याकाळी काढायला गेलो तर ते पापडासारखे कडक झाले होते. एक भिंतीला टेकवून पाहिला, तो तसाच उभा राहिला. आमच्या बोअरचं पाणी जड आहे. बादलीला आतून पांढरा थर चढतो, तोच थर धाग्यात बसला होता आणि उकळत्या पाण्याने धागाही आखडला होता.

मग कपडे मऊ करणारं सुगंधी द्रावण आणलं. टॉवेल हाताला सशासारखे मऊ लागले, पण पाणी पिईनात. ओल्या बॉनेटवर फिरवला की पाणी इकडून तिकडे सरकायचं आणि मागे तेलकट पट्टा राहायचा. गाडीचं सामान विकणाऱ्या दुकानदाराने सांगितलं, की त्या द्रावणाचा लेप धाग्यावर बसतो. टॉवेल मऊ लागतो खरा, पण त्याची तोंडं बंद होतात.

सहाव्या प्रयत्नात जमलं. नळाचं पाणी, हात बुडवून ठेवता येईल इतकंच कोमट. बारा टॉवेलांना दोन चमचे पातळ साबण. तीन वेळा खळबळायचे आणि शेवटच्या बादलीत अर्धा कप व्हिनेगर, म्हणजे उरलासुरला साबण आणि क्षार निघतो. पिळायचे नाहीत, नुसते दाबायचे. सावलीत वाळवायचे, आणि वाळल्यावर प्रत्येक दहा वेळा झटकून दोन्ही तळहातांमध्ये चोळायचा. मग ते खरोखर मऊ होतात. धुण्याचं काम दर रविवारी मी स्वतः करू लागलो. दुसऱ्या कोणी त्यांना हात लावायचा नाही, असं घरात सांगून ठेवलं.

घरात दुसरं कोणी म्हणजे बायकोच. मुलगी पुण्याला शिकते.

शेजारी एक काकाजी राहतात, एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. रविवारी मी गाडी पुसायला लागलो की ते कंपाउंडच्या भिंतीशी येऊन उभे राहायचे.

"काऊन भाऊ, आज गाडीले पाहाले पाहुने येऊन राह्यले काय? एवढं नटवनं चालू हाये ते."

आतून बायको म्हणायची, "पाहुन्याइले पसंत पडंल हो काकाजी. पन हे सासरी पाठवनार नाईत तिले."

तिचं बोलणं गमतीचं होतं, पण नुसतं गमतीचं नव्हतं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. गेल्या जूनमध्ये तिची बदली घाटंजीच्या पलीकडच्या एका गावी झाली. आमच्या दारापासून शाळेपर्यंत एक्कावन्न किलोमीटर. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ती निघायची. घाटंजीपर्यंत एसटी, तिथे वाट पाहणं, मग सहा जणांच्या ऑटोत दहा माणसं. घरी यायला पावणेआठ व्हायचे. शाळा सात तासांची आणि जाण्यायेण्यात साडेपाच तास. गाडीने गेली असती तर अडीच तासांत दोन्ही बाजू झाल्या असत्या. रोजचे तीन तास. हा हिशोब मला तेव्हाही येत होता.

जुलैत तिने ड्रायव्हिंग स्कूलमध्ये स्वतः नाव घातलं आणि पहिल्याच फेरीत लायसन्स काढलं. दिवाळीच्या आधी सात रविवार मी तिला बाजूला बसून सराव करू दिला. ती चांगली चालवते. माझ्यापेक्षा थोडी हळू, पण वळणावर माझ्यापेक्षा बरी.

सातव्या रविवारी सकाळच्या तिरप्या उन्हात मला बॉनेटवर केसासारखे बारीक ओरखडे दिसले. मोजले, नऊ होते. आठवड्यापूर्वी तिने ओढणीच्या टोकाने काचेवरची आणि बॉनेटवरची धूळ पुसलेली मी पाहिली होती. मला तेवढं पुरलं.

"एकदाच तं पुसलं," ती म्हणाली.

"एकदा मी पाहिलं."

"म्हनजे तुमी पाह्यलं नाई तेवा भी मी पुसत होती?"

मी म्हणालो, आधी हे ओरखडे थांबू दे, मग शाळेत न्यायचं पाहू. ती "बरं" म्हणाली आणि किल्ली फ्रिजवर ठेवली. नंतर तिने पुन्हा विचारलं नाही. सोमवारी सात दहाला एसटीसाठी निघाली, तशीच पुढचे साडेतीन महिने निघत राहिली. गाडी अंगणात कव्हरखाली उभी. मी स्कूटरने जिनिंगला जायचो. तिच्यासारखं मीही रोज त्या गाडीच्या बाजूने निघायचो, पण तेव्हा मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

जानेवारीत तिचे पाय सुजू लागले. घरी आल्यावर ती अर्धा तास गरम पाण्यात पाय घालून बसायची आणि तिथेच वह्या तपासायची. फेब्रुवारीत एके संध्याकाळी तिने वहीतून मान वर न काढता सांगितलं, "मार्चपासून घाटंजीत खोली घेतो म्हनतो. आमच्या शाळेतल्या एक मॅडम हाये, यवतमाळच्याच, त्याइच्यासंगं. शनिवारी येत जाईन."

"आणि इथलं?"

"इथलं काय? भात लावता येते तुमाले."

"कधी सांगायचंय?"

"येत्या सोमवारी पक्कं सांगा म्हने खोलीची मालकीन."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काही बोलता आलं असतं. सव्वीस वर्षांत आम्ही दोघं कामासाठी वेगळे राहिलो नव्हतो. त्या आठवड्यात मी काट्यावर दोनदा आकडा चुकून पुन्हा लिहिला, जे माझ्याकडून सहसा होत नाही.

मग रविवार आला, तिने पक्कं सांगायच्या आदल्या दिवशीचा. मी नेहमीसारखं कव्हर काढलं. ऊन तिरपं होतं. ओरखडे मोजले. सव्वीस.

दिवाळीला नऊ, आज सव्वीस. काट्यावर भरलेली गाडी आणि रिकामी गाडी यांतला फरक म्हणजे माल. इथे फरक सतराचा होता. दिवाळीनंतर बायकोने गाडीला हातही लावला नव्हता. गाडी दोनदाच बाहेर निघाली होती, एकदा आर्णीला लग्नासाठी आणि एकदा पंपावर, दोन्ही वेळा मीच चालवली. गाडीला दर आठवड्याला हात लावणारा घरात एकच माणूस होता. सतराचा सतरा माल माझा होता.

टॉवेलांचा डबा घेऊन मी गच्चीवर गेलो. झाकणाचा, हवाबंद डबा. एक टॉवेल उन्हासमोर धरला आणि चष्मा पुसून पाहिलं. धाग्यांमध्ये सुईच्या टोकाएवढे काळपट कण अडकले होते. बोटाने निघेनात. दुसऱ्यात तेच, तिसऱ्यात तेच.

बायको ओले कपडे घेऊन वर आली. "काय शोधून राह्यले?"

मी टॉवेल तिच्या हातात दिला. तिने नखाने एक कण उचकटला, चिमटीत चोळला आणि लगेच म्हणाली, "सरकीचं साल हाये हे."

"नक्की?"

"लहानपनी सुट्ट्याइत कापूस येचला हाये मी. मले सरकी दाखवता का?"

सरकी म्हणजे कापसाचं बी. जिनिंगमध्ये रुईपासून सरकी वेगळी होते, तेव्हा सालीचे बारीक तुकडे हवेत उडतात. ते कडक असतात. दिवसभरात माझ्या शर्टावर, पँटवर बसतात. घरात ते आले की बायकोला खोकला येतो, म्हणून हंगामात मी संध्याकाळी आल्याबरोबर गच्चीवर जातो, कपडे जोरात झटकतो आणि घरचे कपडे घालून खाली येतो. मी तारेकडे पाहिलं. टॉवेल रविवारी दुपारी त्याच तारेवर, पत्र्याच्या सावलीत टांगायचो. पूर्ण वाळावेत म्हणून सोमवारी संध्याकाळी काढायचो. म्हणजे सोमवारी आधी कपडे झटकायचे, मग त्यांच्याशेजारचे टॉवेल काढायचे आणि सगळी सरकी झाकणाच्या डब्यात बंद करून ठेवायची. पुढच्या रविवारी त्यानेच गाडी घासायची. धागा मऊ ठेवायची मी एवढी काळजी घेतली होती, की सालीला पकडायला तो अगदी तयार होता.

हे सगळं मी तिला तिथेच सांगितलं. मनात ठेवलं असतं तर दुपारपर्यंत मी त्याला दुसरं काहीतरी कारण शोधलं असतं.

तिने तारेवरून बोट फिरवून पाहिलं. "कपडे वर झटकत जा म्हनून मीच तं सांगतलं होतं तुमाले."

"झटकायला तू सांगितलं. टॉवेल तिथे मी टांगले."

"मंग ओरखडे तुमचे."

"सतरा नक्की माझे."

"अन् पयले नऊ?"

"पहिल्या नवांचं सांगता येत नाही. जिनिंग दसऱ्याला सुरू झालं होतं. काही माझे असतील, काही ओढणीचे असतील. पुरावा नाही."

तिने हातातला ओला कपडा बादलीत टाकला आणि हसली. त्या आठवड्यातलं तिचं ते पहिलं हसणं. "माफी मागतानाही अर्धी मागता तुमी."

"नऊही माझे धर," मी म्हणालो. "उद्या गाडी घेऊन जा."

तिने बादली जवळ ओढली. कपडे एकेक करून तारेवर घातले, चिमटे लावले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "फाट्यापासून रस्ता कच्चा हाये. शाळेपुढं निंबाखाली उभी राहीन गाडी, पाखराइची घान पडंल तिच्यावर. पोरं धुळीत बोटानं आपापली नावं लिहितीन."

"लिहू दे."

"मनातून म्हनता का हिशोबानं?"

"हिशोबानं. रोजचे तीन तास आहेत."

"मंग खरं असन," ती म्हणाली.

दुपारभर मी टॉवेलांना बसलो. जुन्या टूथब्रशने धागे एका दिशेने विंचरले, उरलेले कण चिमट्याने काढले, मग पुन्हा कोमट पाण्यात धुतले. नऊ साफ झाले. तीन काही केल्या होईनात, ते चाकांसाठी वेगळे काढले. वाळवायची जागा बदलून मागच्या न्हाणीच्या भिंतीवर नेली, जिथे माझे कामाचे कपडे कधी येत नाहीत.

सोमवारी मी अर्धी सुट्टी टाकतो आणि सोबत येतो म्हणालो. तिने साफ नकार दिला. "तुमी बाजूले बसले की माझा पाय ब्रेकवरच राहते." आठ वाजून वीस मिनिटांनी ती निघाली. काकाजी फाटक धरून उभे होते.

"जंगलातल्या वळनावर हॉर्न देत जाय बाई. अन् ट्रकवाला जागा मागंल तं देऊन टाकजो, आपल्याले काय ट्रक जिंकाचा नाई."

दिवसभर मला काट्यावर तिचा फोन आला नाही. मीही केला नाही. चालवताना तिने उचलला असता तर, ही भीती.

संध्याकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी गाडी फाटकातून आत आली. काळी नव्हती, पार मातकट झाली होती, आणि डाव्या दाराला बाभळीची फांदी लागून हातभर लांब ओरखडा पडला होता. तो तिने उतरल्या उतरल्या स्वतःच दाखवला. कुठल्या वळणावर, समोरून काय आलं म्हणून गाडी कडेला घ्यावी लागली, ते सांगितलं. तिचं ऐकताना माझ्या लक्षात आलं, की तो रस्ता मी पाहिलेलाच नाही. नऊ महिने ती जिथे जात होती, तिथे मी एकदाही गेलो नव्हतो.

बाहेर अजून उजेड होता. मी चहा ठेवला. तिने चपला काढल्या, पाय खुर्चीवर घेतले आणि फोन लावला.

"हां मॅडम, खोलीचं राहू द्या माझं. मालकिनीले सांगून देता काय? ... नाई नाई, घरूनच येत जाईन. ... हो, गाडीनं. ... मीच चालवतो, अजून कोन चालवंल?" मग थोडं ऐकून ती म्हणाली, "तुमाले पाह्यजे असन तं यवतमाळहूनच संगं चला. पन आठ वीसले म्हनजे आठ वीसले उभ्या राहा. मी थांबत नाई बरं."