अहेरीच्या शाळेतल्या सात पायऱ्या

मी नाकेदार होतो. जंगल खात्यात नाकेदार म्हणजे अगदी खालचा माणूस, पण एटापल्लीकडच्या आठ-दहा गावांत खाकी कपडे घालणारा मी एकटाच, त्यामुळे मान होता. आणि मोहाची दारू मागितल्याशिवाय मिळत होती. आमच्याकडचे माडिया लोक पीत ते सणाला, देवाला, लग्नामौतीला, सगळे मिळून. मी एकटा पीत होतो. सकाळी तोंड धुवायच्या आधी पीत होतो.

बायको सिंदेवाहीकडची, धानाच्या शेतात वाढलेली. तिला जंगलाची भीती वाटत नव्हती. माझी वाटू लागली होती.

एका चैत्रात माझ्या हद्दीत वणवा लागला. आग पुढे सरकू नये म्हणून जंगलात एक पट्टा साफ करून ठेवतात, तो साफ करून घेणं माझं काम होतं. मी ते केलं नव्हतं. आग लागली त्या दुपारी मी क्वार्टरमध्ये पडून होतो. वणव्यावर लक्ष ठेवायला नेमलेला माडिया माणूस दोनदा मला उठवायला आला. बायकोने मला हलवलं, पाणी मारलं. शेवटी तो एकटाच हिरव्या फांद्या घेऊन आग झोडपायला गेला आणि दोन्ही हात भाजून परतला. चौकशीला साहेब आले तेव्हा मी सांगितलं, हा माणूस जागेवर नव्हता. साहेबांनी त्याला तिथल्या तिथे कामावरून काढलं. तो काही बोलला नाही. त्याला मराठी येत होती, तरी बोलला नाही.

बायको आतून सगळं ऐकत होती. त्या दिवसापासून ती रोज एकच गोष्ट म्हणायची, "सायबाले खरं सांगा." मी म्हणायचो, "सांगतो." ज्येष्ठ लागला तेव्हा तिने लुगडी गाठोड्यात बांधली.

"मी मायकडे चालली," ती म्हणाली. "मारलं असतं तर सोसलं असतं. त्या माणसाचे हात रोज दिसतात मले. सायबाले सांगाल त्या दिवशी पत्र टाका."

ती गेल्यावर घर किती लहान आवाजांनी भरलेलं होतं ते कळलं. ओली घागर पाटावर टेकल्याचा आवाज. भात वैरताना ती स्वतःशी काहीतरी पुटपुटायची ते. दुपारी झाडाखाली बसलो की वाटायचं, आता घरी जावं, आणि मग आठवायचं. हे विसरायला मी अजून प्यायचो, आणि प्यायलो की तेच जास्त आठवायचं.

आश्विनात टपाल घेऊन अहेरीला गेलो. सदऱ्याची बटणं तुटली होती, लावणारं कोणी नव्हतं. बाजाराच्या कडेला एका मुसलमान शिंप्याचं दुकान होतं. पन्नाशीचा माणूस, सगळे त्याला चाचा म्हणत. मी सदरा काढून देताना त्याने माझ्या हातांकडे पाहिलं.

"हात कापून राह्यले तुमचे."

"थंडी वाजते."

"आश्विनात?" तो हसला नाही. बटण लावून झाल्यावर दात लावून दोरा तोडला आणि म्हणाला, "माहे बी कापत होते, भाऊ. कात्री धरता येत नव्हती. दिवे लागणीले शाळेच्या वऱ्हांड्यात या. कोणी काही विचारणार नाई."

मी का गेलो ते आजही नीट सांगता येत नाही. बहुधा त्याने बटण फार मन लावून लावलं होतं म्हणून.

वऱ्हांड्यात दहा-बारा माणसं बसली होती. एक म्हातारे निवृत्त मास्तर प्रार्थना सांगत. मास्तर तरुणपणी दारूपायी मरणाच्या दारात जाऊन आले होते. दूरच्या एका दवाखान्यात महिनोन्‌महिने राहिले, तिथल्या डॉक्टरने काही सांगितलं, काही स्वतः शोधलं, आणि त्यांनी दारू सोडायच्या सात पायऱ्या ठरवल्या. शाळेच्या फळ्यावर त्या खडूने लिहिलेल्या होत्या. सकाळी पोरं येण्याआधी ते पुसून टाकत आणि संध्याकाळी पुन्हा लिहीत.

पहिली पायरी म्हणजे सगळ्यांसमोर उभं राहून म्हणायचं की माझ्याने होत नाही. आठ दिवस मी नुसता बसून राहिलो. अहेरीत माझ्या मावसभावाकडे उतरलो होतो, आजारपणाची रजा टाकून. नवव्या दिवशी उठलो. "मले दारू सुटत नाई," म्हणालो. मास्तर म्हणाले, "बसा," आणि प्रार्थना सुरू केली.

दुसरी पायरी मला जड गेली. स्वतःला वरच्याच्या हाती द्यायचं. मी चाचाला विचारलं, "तुमचा वरचा वेगळा, माहा वेगळा. एका वऱ्हांड्यात कसं जमते?"

"मी त्याले अल्ला म्हणतो. मास्तर विठ्ठल म्हणतात. तुम्ही काही म्हणू नका सध्या. फक्त म्हणा, आजच्या दिवस धर मले. उद्याचं उद्या."

तेच म्हणत राहिलो. पहिले पंधरा दिवस अंगातून घाम गळायचा, अन्न टिकायचं नाही. चाचा भाताची पेज घेऊन यायचा आणि मी पिईपर्यंत समोर बसून सदऱ्यांना काज करायचा.

रजा वाढवून घेतली. पौषात एका शुक्रवारी, नमाज झाल्यावर, त्याने दुकान बंद ठेवलं आणि मला प्राणहितेच्या काठी नेलं. आता पुढची पायरी, एका माणसाला सगळं सांगायचं होतं, काही न लपवता. वाळूत बसून मी सांगितलं. वणवा सांगितला, भाजलेले हात सांगितले, मी साहेबांना काय बोललो तेही. सांगताना मी नदीकडे पाहत होतो. संपल्यावर त्याने विचारलं,

"झालं?"

"झालं."

"आता माहं ऐका." आणि त्याने त्याचं सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही. ते ऐकल्यावर एवढंच वाटलं की या काठावर मी एकटा नाही.

परत येताना म्हणाला, "पुढची पायरी तुमच्या घरवालीनं आधीच सांगून ठेवली हाये."

माघात मी त्या माडिया माणसाच्या गावी पायी गेलो. तो अंगणात टोपली विणत होता. भाजलेल्या बोटांची कातडी गुलाबी, चकाकती झाली होती आणि दोन बोटं वळत नव्हती. मी जमिनीवर बसलो आणि म्हणालो, "मी खोटं बोललो. तू जागेवर होतास. मी नव्हतो."

त्याने टोपली बाजूला ठेवली. आत गेला आणि पानाच्या द्रोणात मोहाची दारू घेऊन आला. घरी आलेल्या माणसाला त्यांच्यात हाच मान. वास नाकात शिरला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला बायको आठवली नाही, वणवा आठवला नाही. फक्त तो द्रोण दिसत होता. मी दोन्ही हात मांडीखाली दाबले.

"माझ्याने ही पिववत नाही," मी म्हणालो. "एक घोट घेतला तर मी पुन्हा तोच माणूस होईन."

मला वाटलं, त्याचा अपमान झाला. त्याने द्रोणातले काही थेंब जमिनीवर, आपल्या पूर्वजांसाठी सांडले, उरलेली स्वतः प्यायला आणि बायकोला हाक मारून मला पेज द्यायला सांगितली.

"तुझी बाई जाताना इथे आली होती," तो म्हणाला. "ती बोलली, तो येईल. मी बोललो, नाही येणार."

पेज पिऊन मी उठलो. माफ केलं असं तो म्हणाला नाही, मीही विचारलं नाही. गावाच्या शिवेपर्यंत मात्र सोबत आला.

दुसऱ्या दिवशी साहेबांना लिहून दिलं. माझी नाकेदारी गेली. अहेरीच्या लाकूड डेपोत चौकीदार म्हणून ठेवलं, ही साहेबांची दयाच. त्या माणसाला पुन्हा कामावर बोलावलं, पण तो आला नाही. टोपल्या विणत राहिला. त्या दोन बोटांचं मी काहीच भरून देऊ शकलो नाही.

त्याच दिवशी सिंदेवाहीला पत्र टाकलं. उत्तर तिच्या भावाच्या अक्षरात आलं, पण शब्द तिचे होते. "आताच येऊ नका. मोह पडून जाऊ द्या."

तो मोसम मी कधी विसरणार नाही. मोहाची फुलं पडायला लागली की सगळं रान गोड वासाने जड होतं. डेपोच्या कुंपणाबाहेर बायका दारू गाळायला टोपल्या भरभरून फुलं वेचून नेत. मला दोन ओढी लागल्या होत्या आणि कुठली कोणाची ते कळत नव्हतं. सकाळी जाग आली की वाटायचं, ही दारूसाठी की तिच्यासाठी? चाचाला विचारलं.

"ओढ जाणार नाई," तो म्हणाला. "बसू द्या तिले बाजूले. तिच्या मागं जाऊ नका, बस."

वैशाखात सिंदेवाहीला गेलो. ती शिडीपाशी उभी होती, पावसाळ्याआधी तिचा भाऊ छपरावरची कौलं, आमच्याकडची कवेलू, फेरत होता आणि ती खालून देत होती. मला पाहून थांबली नाही. मी सदरा काढून ठेवला आणि तिच्या शेजारी उभा राहिलो. ती मला देई, मी वर देई. दुपारपर्यंत एकही कवेलू फुटलं नाही.

"हात कापत नाई तुमचे," ती म्हणाली.

"नाई."

जेवायला वाढलं. भात, वाटाण्याचं वरण, आंब्याचं रायतं. ती समोर बसली नाही, दाराआड उभी राहिली. मी विचारलं, "येते का?"

"मायचं अंग लुळं पडलं हाये. तिले टाकून कुठी येऊ?" मग म्हणाली, "मले यावंसं वाटते. पण आता नाई."

मी मोटारीने एकटाच परतलो. पुढची दोन वर्षं दर पुनवेला तिला पत्र लिहिलं. मला फार लिहिता येत नव्हतं. आज काय जेवलो, डेपोत किती सागवान आला, आज प्यायलो नाही, एवढंच. जेवायला बसलो की तिच्या वाटणीची जागा आपोआप मोकळी सोडायचो. पावसात नद्या फुगल्या की टपाल थांबायचं, आणि मी रोज टपालवाल्याच्या दारावरून चक्कर मारायचो.

सासूबाई गेल्या त्या वर्षी कार्तिकात ती आली. नव्या धानाचे तांदूळ आणि तेच गाठोडं. संध्याकाळी मी प्रार्थनेला निघालो तेव्हा विचारलं, "येते का सोबत?"

"तुम्ही जा. मी सैपाक करते." दारात येऊन म्हणाली, "लवकर या."

वऱ्हांड्यात बसलो, पण मन लागेना. चूल पेटली असेल, तिला मिठाचा डबा सापडला असेल का, हेच डोक्यात. प्रार्थना अर्धी झाली असेल नसेल, चाचाने मला कोपराने ढोसलं आणि हळूच म्हणाला, "जा, भाऊ. घरी जा."

मी चपला हातात घेऊनच निघालो.