उडवणाऱ्याच्या मागे

आमच्या तालुक्याला त्या काळात दोन गोष्टी हव्या होत्या, पाऊस आणि जिल्ह्याचा दर्जा. दोन्ही वरून यायच्या होत्या, म्हणून सगळं गाव वर तोंड करून बसलेलं. माझे मिस्टरही वर तोंड करूनच असायचे, पण ते स्वतःच्या विमानाकडे बघत. गावाचं नाव सांगत नाही. नांदेड आणि लातूरच्या मधलं कुठलंही धरा. जिल्हा होण्याच्या रांगेत उभं नाही असं तालुक्याचं गाव त्या पट्ट्यात शोधून सापडायचं नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आणि मिस्टर पाटबंधारे खात्यात अभियंता. खात्याचा गावाबाहेर एक तलाव होता. त्यात भिंत होती, सांडवा होता, ‘येथे पोहण्यास सक्त मनाई आहे’ असा फलकही होता. पाणी तेवढं नव्हतं. सलग दुसरं वर्ष कोरडं गेल्यावर गाळ काढायला यंत्रं आली, त्यांनी तळाचा एक लांब पट्टा सपाट करून टाकला, आणि मिस्टरांनी तो बघितल्याबरोबर खात्यातल्या माणसाला शोभणार नाही इतका आनंद व्यक्त केला. विमानाला धावपट्टी मिळाली होती. दुष्काळात ज्यांचं भलं झालं त्यांत टँकरवाले पहिले आणि आम्ही दुसरे.

विमान म्हणजे रेडिओवर चालणारं, पण खेळणं नव्हे. पंख एवढे की दारातून तिरपं करून न्यावं लागायचं. हातातल्या पेटीला कुणी ‘रिमोट’ म्हटलं की मिस्टर चिडायचे, ‘टीव्ही लावायचाय का?’ म्हणून विचारायचे. बाकीचे शौकीन तयार चिनी विमान आणतात, बॅटरी लावतात आणि उडवतात. इतकं सोपं आमच्या घरात काही होत नाही. ह्यांनी आमच्या लग्नाच्या आधीच्या काळातला एक जुना आराखडा मिळवला, बाल्सा नावाचं भेंडासारखं हलकं लाकूड हैदराबादहून मागवलं, आणि पुढच्या खोलीत दोन हिवाळे कापाकापी केली. इंजिनही तसंच जुन्या पद्धतीचं, मिथेनॉल आणि एरंडेल पिणारं. उडवून आले की अंगाला असा वास यायचा की शेजारीण माझ्याकडे ह्यांच्या पोटाची चौकशी करायची.

लाकडावर रंगीत पातळ कापडासारखं प्लास्टिक गरम इस्त्रीनं ताणून बसवतात. इस्त्री कुणाची, हे सांगायला नको. बुद्धपौर्णिमेला विहारात नेसायची म्हणून ठेवलेल्या माझ्या पांढऱ्या साडीवर मी इस्त्री फिरवली आणि काठापासून पदरापर्यंत लाल पट्टा उमटला. नवऱ्याला इस्त्री फेकून मारू नये असं पंचशीलात वेगळं सांगितलेलं नाही, पण हिंसा नको म्हणणाऱ्या पहिल्या शीलात ते येत असावं असं धरून मी इस्त्री खाली ठेवली.

बरं, एवढं करून विमान नुसतं उडवायचं नसतं. त्याच्या स्पर्धा असतात. ठरलेल्या कसरती ठरलेल्या क्रमानं करायच्या, गोल मारला तर तो भाकरीसारखा गोल पाहिजे, उलटं उडवलं तर पंख पाण्याच्या पातळीसारखे सरळ पाहिजेत, आणि जिथून सुरू केलं त्याच उंचीवर संपवायचं. जराही वेडंवाकडं झालं की परीक्षक दहातून गुण कापतात. मिस्टरांना असा पूर्ण कार्यक्रम परीक्षकांसमोर एकदा उडवायचा होता. उभ्या आयुष्यात एकदा. दर वेळी स्पर्धा आली की किनवटला बदली, हिमायतनगरला बंधारा फुटला, निवडणुकीची ड्यूटी लागली. पाणी नसलेल्या खात्यालाही कामं किती असतात ते अशा वेळी कळतं.

उडवणाऱ्यानं विमानावरून नजर काढायची नसते, म्हणून पुढची कसरत कुठली ते सांगायला एक माणूस त्याच्या मागे उभा राहतो. त्याला कॉलर म्हणतात. गावात दुसरं कुणी हे खूळ घेतलेलं नसल्यामुळे ती नेमणूक बिनविरोध माझी झाली. चौथीच्या वर्गावर वर्षानुवर्षं ओरडून माझा आवाज तयारच होता. दर रविवारी मी तळ्यात उभी राहून ह्यांच्या खांद्यामागून ‘गोल’, ‘उलटं’, ‘उभं वर’ असं म्हणायची आणि हे मुकाट तसं करायचे. मी बोलते आणि हे ऐकतात, हा प्रकार आमच्या संसारात फक्त त्या तळ्यात घडला.

श्रावणात खालच्या वस्तीवरची पाच-सहा मंडळी तळ्यात आली. त्या वर्षी सरकारनं कृत्रिम पावसासाठी विमान फिरवलं होतं, तेव्हा ते आमच्या विमानाला सरकारी समजून आमच्या शिवारावरही फिरवा म्हणतील असं मला वाटलं. त्यांचं म्हणणं नेमकं उलटं निघालं.

“साहेब, तुमचं इमान बंद करा,” त्यांच्यातले म्हातारबाबा म्हणाले. “ढग पांगून राहिले.”

“बाबा, ढग कुठं अन् हे कुठं! एवढंसं तर आहे.”

“एवढंसं हाय, पर आवाज लई हाय. आभाळ भरून येतंय, तुम्ही फिरवता, अन् आभाळ रिकामं.”

मिस्टरांनी त्यांना बाष्प, वारा, कमी दाबाचा पट्टा असं सगळं समजावलं. मंडळींनी आदरानं ऐकून घेतलं. मग म्हातारबाबा म्हणाले, “ते समदं खरं हाय. पर ढग असल्यावर नका उडवू.” पाटबंधारे खात्यावर लोकांचा इतका विश्वास मी पहिल्यांदाच बघितला, आमच्यामुळे पाऊस थांबतो, असं त्यांना मनापासून वाटत होतं. शेवटी तोडगा निघाला, की आभाळात ढग असेल त्या दिवशी विमान जमिनीवर राहील. म्हणजे सराव करायचा तो फक्त लख्ख उन्हात.

त्या उन्हातच मला वेगळं काही जाणवायला लागलं. हे मला जास्त बोल म्हणू लागले. “नुसतं नाव नको सांगू. कुठं आहे, नाक कुणीकडं आहे, सगळं सांगत राहा.” मला आपलं बरं वाटलं. म्हटलं, उशिरा का होईना, माणसाला बायकोचं बोलणं गोड लागायला लागलं. मग घरात हे डाव्या बाजूच्या चौकटीला खांदा आपटू लागले. बाजूला ठेवलेला तांब्या लाथेनं उडवू लागले. एकदा माझ्या बहिणीनं डावीकडून ‘जयभीम दाजी’ म्हटलं तर हे दचकून तिला शोधू लागले.

लातूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. कडेची नजर बरीच गेली होती, मधली शिल्लक होती, पण झगझगीत उजेडात तीही बराच वेळ दिपून जायची. गेलेली परत येत नाही, आहे ती थेंब टाकून सांभाळायची, असं ते म्हणाले. परत येताना बसमध्ये हे म्हणाले, “एकदा पूर्ण करू दे. मग पेटी ठेवून देतो.” मी खूप भांडणारी बाई आहे, पण त्या दिवशी माझ्याकडे भांडायला काहीच नव्हतं. मी हो म्हटलं. अट एकच घातली, की मी ‘उतरवा’ म्हटलं की उतरवायचं.

आणि स्पर्धा चालून गावातच आली. जिल्हा मागणाऱ्या समितीचं म्हणणं होतं की कचेऱ्या नंतर येतील, आधी वातावरण पाहिजे. वातावरण म्हणून त्यांनी जिल्हास्तरीय रांगोळी घेतली, जिल्हास्तरीय कबड्डी घेतली, आणि मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की आपल्याकडे विमानतळ नसला तरी विमान आहे. झालं. ‘नियोजित जिल्हा, जिल्हास्तरीय विमान कसरत स्पर्धा’ असे फलक लागले. नांदेडहून दोघं, लातूरहून तिघं, हैदराबादहून एक असे स्पर्धक आले आणि त्यांच्यातला एकही त्या नियोजित जिल्ह्यातला नव्हता, आम्ही सोडून.

परीक्षक तीन. एक हैदराबादचे, त्यांना खरंच कळत होतं. दुसरे समितीचे सचिव, ज्यांना नगरपालिका लढवायची असल्यामुळे ते प्रत्येकाला नऊ गुण देत होते. तिसरे जनावरांचे निवृत्त डॉक्टर, प्रदर्शनात देवणी बैलांचा निवाडा करणारे. गोल कसा बघायचा, पंख कसे बघायचे, हे मिस्टरांनी त्यांना आदल्या दिवशी बसून शिकवलं. ते शांतपणे म्हणाले, “कळलं. चाल बघायची, वळण बघायचं, अन् उभं राहतंय कसं ते बघायचं.” आमच्या विमानाभोवती दोन फेऱ्या मारून त्यांनी विचारलं, “वय झालंय ना हिचं?”

मंडप तळ्याच्या पूर्वेला, तोंड पश्चिमेला, असा मिस्टरांनीच आखून दिला. स्पर्धा सकाळी होती, म्हणजे ऊन सगळ्यांच्या पाठीवर आणि समोर स्वच्छ निळं आभाळ. हिशेब अगदी बरोबर. त्यात एक गोष्ट धरायची राहिली, ती म्हणजे उद्घाटक. उद्घाटनाशिवाय विमान उडवणं हा पाहुण्यांचा अपमान ठरला असता, आणि पाहुणे आधी एका लग्नाला, मग एका पाणपोईला, मग जेवायला गेले होते. सकाळपासून चटईवर बसवलेली माझ्या शाळेची मुलं उन्हानं सुकली. पाहुणे आले तेव्हा चार वाजून गेले होते. त्यांनी जिल्हा होणारच असं सांगितलं, फीत कापली, आणि एकही विमान न बघता पुढच्या लग्नाला गेले.

आता सूर्य बरोबर समोर. मी मिस्टरांना म्हटलं, “आज नको.” ते म्हणाले, “उद्या मांडव राहणार आहे का?” जुनं विमान हे खास आकर्षण म्हणून आमचा नंबर शेवटी ठेवलेला, त्यामुळे आमची पाळी येईपर्यंत सूर्य आणखी खाली, नेमका कसरतीच्या जागेत आला. सगळा तालुका वर्षभर ढगासाठी डोळे लावून बसला होता, पण त्या घटकेला एका ढगाची जेवढी गरज मला होती तेवढी कुणालाच नसेल.

निकाल आधीच सांगून टाकते, उगाच जीव टांगणीला नको. आमचा नंबर शेवटचा आला. सचिवांनी सवयीनं नऊ दिले, हैदराबादच्या परीक्षकांनी नियमाप्रमाणे सोडलेल्या कसरतींना शून्य दिलं, आणि जनावरांचे डॉक्टर म्हणाले, “चाल एक नंबर. मधीच बुजली.” जिल्हा अजून झालेला नाही. फलक मात्र दर दोन वर्षांनी नवे लागतात.

पहिल्या कसरती सुंदर झाल्या. मी नाव घ्यायची आणि ते जुनं लाल विमान माझ्या तोंडातून शब्द सुटायची वाट बघत असल्यासारखं वळायचं. गोल खरंच गोल झाला. उलटं उडताना पंख जराही हलले नाहीत. मला ह्या माणसाचा इतका अभिमान वाटला की पुढचं नाव घ्यायचं क्षणभर राहूनच गेलं. मग मी म्हटलं, “उभं वर.” विमान सरळ वर गेलं, आणि वर जाता जाता उन्हात शिरलं.

“दिसंना,” मिस्टर म्हणाले. अगदी सहज आवाजात.

“डावीकडं. सूर्याच्या खाली. नाक वर आहे.”

“अजून?”

“थांबलं. वळवा. हां, वळलं. खाली येतंय. ओढा, ओढा. बस. सरळ.”

विमान सरळ झालं, पण आमच्या डोक्याच्या दिशेनं येत होतं आणि ह्यांची मान अजून सूर्याकडेच होती. “उजवीकडं,” मी ओरडले, तसं ते वळून पट्ट्याला समांतर गेलं. “किती राहिल्या?” त्यांनी विचारलं. त्यांना पाठ होत्या. दोनच राहिल्या होत्या. मी मागे वळून बघितलं. माझी मुलं चटई सोडून पुढे सरकली होती, माना वर करून, तोंडं उघडी.

“उतरवा,” मी म्हटलं.

मला वाटलं, ऐकणार नाहीत. आयुष्यभर ऐकलं नाही ते आत्ता काय ऐकतील. मनातून मला ऐकूही नये असं वाटत होतं. पण ते ‘बरं’ म्हणाले. एकच शब्द. मग मी चौथीच्या मुलाचा हात धरून अक्षर गिरवून घ्यावं तसं ते विमान खाली आणलं. जरा डावीकडं. वेग कमी. अजून कमी. पंख सरळ. भिंत ओलांडली. आता सोडा, सोडून द्या. चाकं गाळावर टेकली, थोडी धूळ उडाली आणि विमान आमच्या अगदी समोर, हाकेच्या अंतरावर येऊन उभं राहिलं. इंजिन मंद गुरगुरत होतं. मंडपातून टाळ्या सुरू झाल्या, मुलं शिट्ट्या वाजवू लागली, सचिव माईकवर जिल्ह्याचा जयजयकार करू लागले.

ह्यांचे अंगठे अजून पेटीवरच्या विमान वळवायच्या काड्यांवर घट्ट होते. मान जराशी वर, डोळे समोर. हळूच, मलाच ऐकू येईल असं त्यांनी विचारलं, “उतरलं का ग?”